आष्ट्याच्या उंबऱ्यापासून विमानापर्यंत : स्वस्त तिकीट शोधण्याच्या पद्धतींचा आढावा

विमानाचे स्वस्त तिकीट इंटरनेटवर कसे शोधावे, या प्रश्नाची बहुतेक चर्चा मुंबई, दिल्ली किंवा बंगळूर यांसारख्या शहरांतील प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. विमानतळ गावातच असल्याने त्या प्रवाशापुढे तारीख, वेळ आणि कंपनी एवढ्याच निवडी असतात. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्ट्यासारख्या गावातून निघणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र मुळातच वेगळा आहे, कारण त्याला कोणते विमान घ्यायचे याच्या आधी कोणता विमानतळ घ्यायचा हे ठरवावे लागते. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आष्ट्यापासून सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर आहे, बेळगावचा सांबरा विमानतळ साधारण दीडशे किलोमीटरवर, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यांत जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई या दोन नव्या विमानतळांची भर पडली आहे. या पाचही ठिकाणांहून निघणाऱ्या विमानांचे भाव एकाच वेळी समोर मांडून, त्यात रस्त्याचा खर्च मिळवून उत्तर देणारे साधन प्रचलित साधनांत नाही, आणि या प्रदेशापुरता विचार केला तर प्रस्तुत विषयाचा खरा पेच इथेच आहे.

या परिसरातून विमानाने जाणारा वर्गही एकजिनसी नाही. आष्ट्यातील अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून बंगळूर, हैदराबाद वा परदेशात गेलेले तरुण, आखातात नोकरीस असलेले कामगार, आणि शेजारच्या खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेली कुटुंबे, अशा सर्वांचा त्यात समावेश होतो. गलाई व्यावसायिक दिवाळीला, गावच्या यात्रेला आणि मे महिन्यातील लग्नसराईला सहकुटुंब गावी येतात, म्हणजे नेमके भाडे सर्वाधिक असते त्याच दिवसांत. तारीख मागेपुढे करा, हा स्वस्त तिकिटाविषयीचा सर्वांत परिचित सल्ला त्यांच्या फारसा उपयोगाचा नसतो, कारण यात्रेची तिथी पंचांगाने ठरलेली असते.

शोधाच्या पद्धतींची तुलना करण्यापूर्वी भाव ठरतो कसा हे पाहणे आवश्यक आहे. एकाच विमानातील शेजारशेजारच्या दोन आसनांचे भाडे निरनिराळे असते, कारण कंपनी आपली आसने अनेक भावगटांत वाटून ठेवते. या गटांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात आणि व्यवहारात त्यांना ‘बुकिंग क्लास’ म्हणतात. स्वस्त गटातील आसने संपली की पुढील, महाग गट उघडतो. ब्रिटिश विमानकंपनी बीओएसीमधील केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम या साऱ्या रचनेच्या मुळाशी आहे : आज हाती येणारे स्वस्त भाडे हे उद्या येऊ शकणाऱ्या महाग भाड्याला त्या शक्यतेने गुणून येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तोवरच स्वस्तात विकावे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यावरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर हा विचार संगणकाच्या साह्याने मोठ्या प्रमाणावर अमलात आला. भारतात १९५३ चा हवाई महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द होऊन खासगी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला, आणि २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू झाल्यावर अल्पदरी विमानसेवेबरोबर ही भावपद्धती सामान्य प्रवाशाच्या अनुभवाचा भाग बनली.

कोल्हापूरच्या संदर्भात या रचनेचा परिणाम अधिक तीव्रतेने जाणवतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. उजळाईवाडीहून सुटणारी अनेक विमाने लहान असतात. एटीआर-७२ जातीच्या विमानात सत्तरच्या आसपास, तर स्टार एअरच्या एम्ब्रेअर-१७५ विमानात ७६ आसने असतात. पुणे-दिल्ली मार्गावरील दोनशेच्या जवळपास आसनांच्या आणि दिवसातून अनेक वेळा सुटणाऱ्या विमानांत दहा तिकिटे विकली गेली तर भाव फारसा हलत नाही. कोल्हापूरच्या विमानात मात्र एका वऱ्हाडाने किंवा तिरुपतीला निघालेल्या एका गटाने आरक्षण केले की स्वस्त गट संपून भाव एकदम वर जातो. सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी दिसत नाही, याचे कारण बहुधा एवढे साधे असते. यात ‘उडान’ योजनेचा घटकही मिसळलेला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या प्रादेशिक हवाई संपर्क योजनेत निवडलेल्या मार्गांवरील साधारण निम्म्या आसनांना भाड्याची कमाल मर्यादा असते (मूळ योजनेत तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये), त्या बदल्यात कंपनीला तूट भरून काढणारे अनुदान मिळते, पण ते साधारण तीन वर्षांपुरतेच असते. मुदत संपल्यावर त्या मार्गाचे भाडे बदलते, कधी वेळापत्रक बदलते, कधी सेवाच बंद होते. म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावरून यंदाचा अंदाज बांधणे या मार्गांवर विशेष धोक्याचे ठरते.

हे बदलते भाव शोधकर्त्यापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणांचा इतिहास इंटरनेटपेक्षा जुना आहे. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षणप्रणाली उभी केली; पुढे तिच्यासारख्या प्रणाली जगभरच्या प्रवास-एजंटांच्या टेबलावर पोहोचल्या आणि त्यांना जागतिक वितरणप्रणाली म्हटले जाऊ लागले. या प्रणालींच्या मालक कंपन्या आपलीच विमाने पडद्यावर वर दाखवतात, अशा तक्रारींवरून अमेरिकेत १९८४ मध्ये नियम करावे लागले. पडद्यावरचा क्रम निःपक्षपाती असतो का, हा प्रश्न त्यामुळे आजचा नाही, चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. १९९६ मध्ये एमआयटीतील संगणकतज्ज्ञांनी स्थापन केलेल्या आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीने भाडे शोधण्याची नवी पद्धत विकसित केली. गूगलने ७० कोटी डॉलरला केलेली तिची खरेदी २०११ मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी ‘गूगल फ्लाइट्स’ सुरू झाले. याच कंपनीच्या संस्थापकांपैकी कार्ल डी मार्केन यांनी दाखवून दिले की भाड्यांना जोडलेले नियम इतके गुंतागुंतीचे असतात की सर्वात स्वस्त प्रवास नेमका कोणता, हे सर्व परिस्थितींत खात्रीने सांगणारी गणनपद्धती तत्त्वतःच संभवत नाही. ‘सर्वात स्वस्त’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीसमोर हा निष्कर्ष ठेवून पाहावा.

आज प्रवाशासमोर चार वाटा आहेत. त्यांतील पहिली तुलना करणाऱ्या संकेतस्थळांची, ज्यांना ‘मेटासर्च’ म्हणतात. गूगल फ्लाइट्स, २००३ मध्ये सुरू झालेले स्कायस्कॅनर किंवा २००४ मधील कयाक ही संकेतस्थळे मुख्यतः तिकीट स्वतः विकत नाहीत. अनेक विक्रेत्यांचे भाव एकत्र दाखवून ती प्रवाशाला त्या विक्रेत्याकडे धाडतात. त्यांचे सामर्थ्य एका तारखेच्या भावात नसून संपूर्ण महिन्याचे भाव दिनदर्शिकेसारखे मांडण्यात, निघण्याच्या ठिकाणी एकाहून अधिक विमानतळ टाकू देण्यात आणि भाव बदलला की सूचना पाठवण्यात आहे. आष्टेकरासाठी यांतील दुसरी सोय सर्वात मोलाची आहे आणि तीच सर्वात कमी वापरली जाते. या संकेतस्थळांची मर्यादा अशी की एका आरक्षणामागे शोध असंख्य होत असल्याने प्रत्येक वेळी कंपनीला ताजा भाव विचारणे परवडत नाही, म्हणून बरेचसे भाव काही काळ साठवून ठेवलेले असतात. क्लिक केल्यावर भाव वाढलेला दिसतो त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. पुणे-दिल्लीसारख्या गर्दीच्या मार्गावर साठवलेले भाव वरचेवर ताजे होतात, तर कोल्हापूरच्या तुरळक शोधल्या जाणाऱ्या मार्गांवर ते शिळे राहण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी वाट ऑनलाइन एजंटांची आहे. २००० मध्ये स्थापन झालेली मेकमायट्रिप, नंतरच्या यात्रा, क्लिअरट्रिप, ईझमायट्रिप, इक्सिगो या कंपन्या तिकीट प्रत्यक्ष विकतात, पैसे घेतात आणि बहुधा सोयशुल्क, म्हणजे ‘कन्व्हीनियन्स फी’, आकारतात. बँकेच्या कार्डावरील सवलत आणि कूपन हे त्यांचे बळ आहे, आणि योग्य कार्ड हाताशी असेल तर येथील भाव खरोखर कमी पडतो. परंतु तुलना पहिल्या पानावरच्या आकड्याची न करता पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरील आकड्याची केली पाहिजे, कारण मधल्या तीन-चार पानांत आसननिवड, विमा, ‘रद्द केल्यास पूर्ण परतावा’ अशी जोडकामे रकमेत मिसळत जातात. ग्राहकाची नकळत दिशाभूल करणाऱ्या अशा रचनांविरुद्ध केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून त्यात एकूण १३ प्रकार नोंदवले आहेत. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि ‘आता दोनच आसने उरली’ अशी खोटी घाई निर्माण करणे हे त्यांतील तीन प्रकार विमानाच्या तिकिटाशी थेट निगडित आहेत.

तिसरी वाट म्हणजे विमानकंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. येथे तुलना नसते, पण भाव ताजा असतो, आणि तारीख बदलणे, नाव दुरुस्त करणे किंवा विमान रद्द झाल्यास पैसे परत मिळवणे यांत मधला दुवा नसल्याने त्रास कमी होतो. अंतर्गत प्रवासात दोन्हीकडचा अंतिम भाव शे-दोनशे रुपयांच्या फरकाने सारखाच पडत असेल, तर ते शे-दोनशे रुपये कंपनीकडे जास्त देणे शहाणपणाचे आहे. कोणती साधने तुलनेला चांगली आणि कोणती खरेदीला चांगली, हा भेद या विषयावरील लिखाणात पुसट राहतो, वास्तविक सारा निर्णय त्याच्यावर अवलंबून असतो.

चौथी वाट गावातील किंवा सांगलीतील ट्रॅव्हल एजंटाची. इंटरनेटमुळे ती कालबाह्य झाली असे मानण्याचा प्रघात आहे, पण तो बरोबर नाही. काही एजंट आखाती देशांच्या आणि सुटीच्या हंगामातील मार्गांवर कंपनीकडून आसनांचे गठ्ठे आगाऊ घेऊन ठेवतात. या गठ्ठ्यातील भाड्याला ‘सिरीज फेअर’ म्हणतात, ते सामान्य संकेतस्थळांवर बहुधा दिसत नाही आणि शेवटच्या आठवड्यात ते चालू भावापेक्षा पुष्कळ कमी असू शकते. अट अशी की असे तिकीट सहसा रद्द करता येत नाही आणि नाव बदलण्यासही मर्यादा असते. आखातात जाणाऱ्या कामगाराला सामानाचे किलो, व्हिसाची मुदत आणि परतीची अनिश्चित तारीख या तिन्हींचा मेळ घालायचा असतो, आणि तो मेळ पडद्यावरच्या रकान्यांपेक्षा अनुभवी एजंट चांगला घालतो.

कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांना उपयोगी पडणारी एक गोष्ट येथे जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, आष्ट्यातील चौघांचे कुटुंब कोल्हापूरहून बंगळूरला निघाले आहे, त्या विमानात ३,२०० रुपयांच्या गटात दोनच आसने उरली आहेत आणि पुढचा गट ३,९०० रुपयांचा आहे. शोधाच्या चौकटीत चार प्रवासी असे भरले तर बहुतेक प्रणाली चौघांनाही एकाच गटात बसवू पाहतात, आणि तसा गट ३,९०० चाच असल्याने एकूण १५,६०० रुपये दाखवतात. तेच आधी दोन आणि मग दोन असे शोधले तर ६,४०० अधिक ७,८०० म्हणजे १४,२०० रुपये होतात. १,४०० रुपयांचा हा फरक कोणत्याही कूपनाशिवाय मिळतो. आधी एकाच प्रवाशासाठी शोध घेऊन भाव पाहावा आणि मग संख्या वाढवत न्यावी, म्हणजे भाव कोठे उडी घेतो ते कळते. यात जोखीम एवढीच की दोन आरक्षणक्रमांक निराळे होतात, म्हणून लहान मुलाला पालकांपैकी एकाच्या आरक्षणात ठेवणे आवश्यक आहे.

शोधाची चौकट गावाचे नाव ओळखत नाही, विमानतळाची तीन अक्षरी खूण ओळखते. कोल्हापूरला केएलएच, पुण्याला पीएनक्यू, बेळगावला आयएक्सजी, गोव्यातील दाबोळीला जीओआय तर मोपाला जीओएक्स, आणि मुंबईला बीओएम तर नवी मुंबईला एनएमआय अशा खुणा आहेत. गोवा किंवा मुंबई असे नुसते नाव भरल्यास दोन्ही विमानतळ धरले गेले की एकच, हे पाहिले पाहिजे. महामार्गावरील पेठ नाक्यावरून पुढे द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ सांताक्रूझच्या पुष्कळ अलीकडे लागतो. गावाच्या नावावरून जवळचा विमानतळ सुचवणाऱ्या साधनांवर तर विसंबूच नये, कारण आष्टा नावाचे दुसरे मोठे गाव मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात आहे आणि त्याचा जवळचा विमानतळ भोपाळ आहे.

विमानतळ निवडताना पडद्यावरच्या भाड्याला रस्त्याचा खर्च जोडल्यावर चित्र कसे पालटते, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल; त्यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. दिल्लीला जायचे असून पुण्याहून थेट विमानाचे भाडे ४,८०० आणि कोल्हापूरहून मध्ये विमान बदलून ६,३०० रुपये आहे, असे मानू. पडद्यावर पुणे माणशी १,५०० रुपयांनी स्वस्त दिसते. एकटा प्रवासी पेठ नाक्यापर्यंत वडापने, म्हणजे सामायिक जीपने, जाऊन तेथून ट्रॅव्हल्सने पुणे गाठील आणि पुढे रिक्षाने लोहगावला जाईल, तर त्याला सुमारे १,००० रुपये पडतील. कोल्हापूरला एसटी आणि रिक्षा मिळून २५० रुपये पुरतील, म्हणजे फरक ७५० रुपयांवर येतो. चौघे असतील आणि सामानामुळे गाडी करावी लागली, तर पुण्याच्या गाडीला ६,००० आणि कोल्हापूरच्या गाडीला १,५०० रुपये धरून एकूण खर्च अनुक्रमे २५,२०० आणि २६,७०० होतो. पडद्यावर ६,००० रुपयांचा असलेला फरक प्रत्यक्षात १,५०० चा उरतो. त्या १,५०० रुपयांसाठी रात्री बारा-एकला घर सोडायचे, खंबाटकी आणि कात्रजची वाहतूक पार करायची आणि पहाटेचे विमान चुकण्याची धास्ती बाळगायची, हे वृद्ध आई-वडील बरोबर असलेल्या कुटुंबाला परवडणारे नाही. तरुण एकट्या प्रवाशाचे उत्तर उलट येऊ शकते.

कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-दुबई अशी दोन स्वतंत्र तिकिटे घेऊन पैसे वाचवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. ती स्वस्त पडते हे खरे, पण पहिले विमान पावसाळी ढगांमुळे उशिरा आले तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, सामान मुंबईत स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते, आणि टर्मिनल बदलायचे असल्यास रस्त्याने जावे लागते. एकाच आरक्षणक्रमांकावरील जोडप्रवासात दुसरे विमान चुकले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. ही हमी स्वतंत्र तिकिटांत नसते. परदेशी शिक्षणासाठी पहिल्यांदाच निघालेल्या विद्यार्थ्याने तरी हा मार्ग टाळावा आणि त्याऐवजी अनेक कंपन्या विद्यार्थ्यांना जादा सामानाची जी सवलत देतात ती मागावी.

समजुतींविषयी थोडक्यात. वारंवार शोधल्याने संकेतस्थळ आपल्याला ओळखून भाव वाढवते, म्हणून खासगी खिडकीत शोधावे, हा समज सर्वत्र आढळतो, पण त्याला भक्कम आधार मिळालेला नाही. वर वर्णन केलेले भावगट आणि साठवलेले भाव त्या अनुभवाचे पुरेसे स्पष्टीकरण देतात. ठरावीक वारी तिकीट विकत घेतल्याने ते स्वस्त पडते हीदेखील जुन्या काळची गोष्ट आहे. खरेदीच्या वारापेक्षा प्रवासाच्या वाराने अधिक फरक पडतो. भावाचे भाकीत करण्याचा गंभीर प्रयत्न वॉशिंग्टन विद्यापीठातील ओरेन एट्झिओनी यांनी केला होता : ४१ दिवसांत गोळा केलेल्या १२,००० हून अधिक भावनोंदींवरून ‘आता घ्यावे की थांबावे’ हे सांगणारी प्रणाली त्यांनी २००३ मध्ये मांडली, तिच्यातून फेअरकास्ट ही कंपनी उभी राहिली आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. पुढे ही सेवा बंद झाली. असे भाकीत भरपूर विमाने आणि भरपूर नोंदी असलेल्या मार्गांवर काही प्रमाणात चालते. आठवड्यातून ठरावीक दिवशीच विमान सुटणाऱ्या आणि वेळापत्रकच बदलत राहणाऱ्या मार्गावर ते चालण्याची अपेक्षा ठेवू नये.

या सर्व विवेचनावरून आष्टा परिसरापुरता निर्णय असा देता येतो की विमानतळ आणि तारीख ठरवण्यासाठी तुलना-संकेतस्थळ वापरावे, त्यात कोल्हापूर, पुणे आणि बेळगाव तिन्ही एकत्र भरावेत, रस्त्याचा खर्च कागदावर मांडावा आणि अंतर्गत प्रवासाचे तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे. आखाताच्या प्रवासाला आणि दहाहून अधिक माणसांच्या गटाला मात्र एजंटाला विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. दिवाळी आणि यात्रेच्या तारखा ज्यांच्या हाती नाहीत, त्यांच्यासाठी लवकर आरक्षण करणे हाच एक खात्रीचा उपाय उरतो.

स्वस्त तिकीट रद्द केले की सारे पैसे बुडाले, असे समजून पुष्कळ प्रवासी परतावा मागतच नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या तिकिटावरही, किंबहुना प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही तरीही, कायदेशीर कर आणि विमानतळ वापरशुल्क परत द्यावे लागते. तिकीट एजंटामार्फत घेतलेले असले तरी परताव्याची जबाबदारी विमानकंपनीवरच राहते. ती रक्कम लहान असली तरी प्रवाशाची आहे; ती लेखी मागावी, आणि न मिळाल्यास केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.